रिफंड मागायला आला आणि चलान भरून गेला

या प्रकरणातल्या गृहस्थाला मी सुहास म्हणतो. नाव खरे नाही आणि नोकऱ्यांचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत. गणित मात्र कोणालाही कागदावर मांडून पडताळता येईल असेच ठेवले आहे. प्रकरण आर्थिक वर्ष २०२३-२४ चे, म्हणजे कर आकारणी वर्ष २०२४-२५ चे. कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असल्याने त्यापुढच्या वर्षांसाठी कलमे, फॉर्म आणि मुदती नव्याने पाहून घ्याव्या लागतील.

पार्श्वभूमी

सुहास अडतीस वर्षांचा. मुलुंड पूर्वेला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये बायको, मुलगी आणि आईबरोबर राहतो. भाडे महिना २५,०००. त्याचे वडील आणि मी एकाच गल्लीत वाढलो, म्हणून मी त्याचा काका आणि त्याची आई माझी वहिनी. मी लोकांची रिटर्न भरून देतो, पण सुहासचे कधी भरले नव्हते. एकच नोकरी, एकच फॉर्म सोळा (वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा मालकाने दिलेला दाखला). दरवर्षी तो स्वतःच दहा मिनिटांत उरकायचा.

२०२३ च्या सप्टेंबरपर्यंत तो अंधेरीच्या एका कंपनीत होता, पगार महिना ९०,०००. घाटकोपरला उतरून मेट्रो आणि पुढे रिक्षा, असा रोजचा द्राविडी प्राणायाम. ऑक्टोबरात त्याला विक्रोळीला नोकरी मिळाली, महिना १,१०,००० वर. रुजू होताना जो कागदांचा गठ्ठा दिला जातो त्यात फॉर्म १२बी होता. आधीच्या मालकाकडे या वर्षात किती पगार मिळाला आणि किती कर कापला गेला, हे नव्या मालकाला कळवायचा तो फॉर्म. सुहासने तो कोरा सोडला. जुन्या पगाराचा आकडा नव्या ठिकाणी कशाला दाखवायचा, हा त्यामागचा विचार. हा संकोच मी पुष्कळांत पाहिला आहे.

परिणाम असा झाला की विक्रोळीच्या कंपनीच्या लेखी सुहासचे वर्षच सहा महिन्यांचे होते. ६,६०,००० पगार, त्यातून घरभाडे भत्त्याची सूट, ५०,००० ची प्रमाणित वजावट, पीएफ, विमा वगैरे वजा जाता करपात्र रक्कम पाच लाखांच्या खाली. जुन्या करप्रणालीत पाच लाखांपर्यंत ८७ए ची सवलत मिळते, म्हणून कर शून्य आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, तोही शून्य. अंधेरीच्या कंपनीने मात्र वर्षभराचा अंदाज धरून सहा महिन्यांत ३०,००० कापले होते. हातात येणारा पगार एकदम वाढला, याचे श्रेय सुहासने नव्या कंपनीला दिले.

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात त्याचा मला फोन आला होता. "काका, यंदा दोन कंपन्या आहेत, तुम्ही बघता का?" माझ्या टेबलावर तेव्हा चाळीसेक फाइली होत्या. "सोपं आहे रे, तूच भर," म्हणून मी फोन ठेवला. हे वाक्य या प्रकरणात नोंदवून ठेवायला हवे.

३० जुलैच्या रात्री त्याने एका ॲपवर विक्रोळीच्या कंपनीचा फॉर्म सोळा चढवला. अंधेरीचा फॉर्म सोळा जूनमध्येच त्याच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर गेला होता, आणि तो ईमेल नोकरी सुटली त्या दिवशीच बंद झाला होता. "जुन्या कंपनीने टॅक्स कापलाय म्हणजे तो विषय संपला," अशी त्याची समजूत. ॲपने पगार चढवलेल्या एका कागदावरून घेतला, पण टीडीएस मात्र थेट २६एएस मधून, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या खात्याकडच्या उताऱ्यातून, ओढला. त्यात अंधेरीचे ३०,००० होते आणि बँकेने एफडीच्या व्याजावर कापलेले ६,४०० होते. उत्पन्न एका ठिकाणचे, टीडीएस दुसऱ्याच दोन ठिकाणचा. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आले: रिफंड ३६,४००. आधार ओटीपी टाकून त्याने तिथल्या तिथे पडताळणीही करून टाकली.

अडचण

१३ ऑक्टोबर, रविवार. दसरा आदल्या दिवशीच झाला होता. सुहास आपट्याची पाने घेऊन घरी आला, पाया पडला, चहा झाला आणि मग म्हणाला, "काका, ऑफिसात सगळ्यांचे रिफंड आले. माझंच अडकलंय. एकदा बघा ना." तो रिफंडाची तक्रार घेऊन आला होता. चूक आहे असे त्याच्या मनातही नव्हते.

त्या ३६,४०० ची वाट लागून गेली होती. गणपतीत सगळे घर चिपळूणजवळच्या गावी गेले, तो खर्च क्रेडिट कार्डावर झाला होता. रिफंड आला की कार्ड फेडायचे असे ठरलेले.

मी त्याच्याच मोबाइलवर आयकर खात्याचे पोर्टल उघडून एआयएस, म्हणजे त्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाचे खात्याकडचे विवरण, काढले. पगाराच्या रकान्यात दोन नावे, ५,४०,००० आणि ६,६०,०००. खाली एफडीचे व्याज ६४,०००, बचत खात्याचे व्याज ६,२००. मग भरलेले रिटर्न उघडले. पगार एकच, व्याज कुठेच नाही. दोन्ही पडदे त्याच्यापुढे धरले. तो बराच वेळ वरखाली करत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी साडेपाच लाख लपवले?"

लपवले नव्हते, राहिले होते. पण आयकर खात्याच्या संगणकाला हा फरक कळत नाही. कमी उत्पन्न दाखवल्याचा ठपका बसला तर २७०ए कलमाखाली त्या करावर ५० टक्के दंड, आणि मुद्दाम चुकीचे दाखवले असे ठरले तर २०० टक्के. शिवाय टीडीएस मागितला पण ज्या उत्पन्नावर तो कापला ते दाखवलेच नाही, अशी रिटर्न १३९(९) खाली सदोष ठरवून पंधरा दिवसांत दुरुस्ती मागितली जाते. तशी नोटीस अजून आलेली नव्हती.

समोर असलेले मार्ग

ऑफिसातल्या एका मित्राने त्याला आधीच सल्ला देऊन ठेवला होता: "रेक्टिफिकेशन टाक." हा शब्द लोक सर्रास वापरतात, पण १५४ कलमाची दुरुस्ती ही खात्याच्या आदेशातली उघड दिसणारी चूक सुधारण्यासाठी असते. रिटर्नवर प्रक्रिया होऊन १४३(१) ची सूचना आल्यानंतर ती मागायची. सुहासच्या रिटर्नवर प्रक्रियाच झाली नव्हती, आणि चूक खात्याची नव्हती. राहिलेले उत्पन्न घालायला हा रस्ताच नाही.

पोर्टलवर रिटर्न रद्द करण्याचीही सोय आहे, ती त्याने स्वतःच शोधून दाखवली. पण ती पडताळणी न झालेल्या रिटर्नसाठी. त्याने ओटीपी टाकून दोन महिन्यांवर झाले होते.

"नोटीस आली की बघू" हा तिसरा मार्ग त्याच्या बायकोने सुचवला, आणि तो मूर्खपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. पैशांची ओढाताण असलेल्या घरात तो सुचणारच. समजा रिफंड खात्यात जमा झाला असता, तर ते पैसे कार्डात गेले असते आणि वर्षभराने व्याजासकट परत मागितले गेले असते. याच घरात तेव्हा ते कुठून येणार, असे मी विचारले. त्यावर कोणी बोलले नाही.

चौथा मार्ग अद्ययावत रिटर्नचा, १३९(८ए). सुधारित रिटर्नची मुदत टळल्यावर तो उपयोगी पडतो. पण त्यात कर आणि व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के जादा कर बसतो, पुढच्या बारा महिन्यांत ५० टक्के. (नंतर, १ एप्रिल २०२५ पासून, ही सोय ४८ महिन्यांपर्यंत वाढली, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के.) सुहासच्या आकड्यांवर जानेवारीत हा जादा कर अकरा हजारांच्या वर गेला असता.

राहिला १३९(५), सुधारित रिटर्न. मुदत ३१ डिसेंबर २०२४. दंड नाही, जादा कर नाही, फक्त थकलेला कर आणि त्यावरचे व्याज. यात फार विचार करण्यासारखे काही नव्हते.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने होती आणि ती त्याला माहीत नव्हती. त्या वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होत होती. जुनी हवी असेल तर ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडावी लागत होती. ३१ जुलैनंतर उशिरा भरले असते तर जुनी प्रणाली मिळालीच नसती. त्याच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत कर साधारण ९७,८०० येत होता, जुन्यात ७६,१२८. घाईत भरले म्हणून चुकले हे खरे, पण वेळेत भरले म्हणून एकवीस हजारांहून जास्त वाचले.

एफडीचा तिढा

खरा वेळ गेला तो इथे.

नऊ लाखांची ती एफडी वहिनींच्या पैशांची. सुहासच्या वडिलांच्या पश्चात मिळालेली रक्कम. बँकेत गेले तेव्हा वहिनींचा गुडघा दुखत होता, सह्यांना पुन्हा यायला नको म्हणून पहिले नाव सुहासचे घातले आणि दुसरे त्यांचे. बँक पहिल्या नावाच्या पॅनवर टीडीएस कापते, म्हणून व्याज आणि ६,४०० दोन्ही सुहासच्या एआयएसमध्ये दिसत होते.

व्याज कोणाचे? एफडीवर पहिले नाव ज्याचे त्याचे, असे बहुतेक लोक समजतात. कायद्याने ते ज्याचा पैसा आहे त्याचे. व्याज वहिनींच्या नावे धरले तर त्यांना कर शून्य येत होता. वय अडुसष्ट आणि उत्पन्न म्हणजे महिना वीस हजारांचे कुटुंब निवृत्तिवेतन. सुहासच्या नावे धरले तर २० टक्के आणि उपकर मिळून १३,३१२. फरक लहान नाही. मार्गही होता: एआयएसवर 'ही माहिती दुसऱ्या पॅनची' असा अभिप्राय द्यायचा, रिटर्नच्या आयटीआर-१ या नमुन्याऐवजी आयटीआर-२ भरायचे आणि त्यातल्या टीडीएसच्या रकान्यात नियम ३७बीए(२) खाली ते ६,४०० वहिनींच्या पॅनकडे वळवायचे. पण त्यासाठी बँकेला तसे लेखी कळवायला हवे होते, आणि वर्ष तर उलटून गेले होते.

मी सुहासच्या घरी जाऊन वहिनींनाच विचारले. स्वयंपाकघरात त्या वाल सोलत बसल्या होत्या.

"वहिनी, ते एफडीचे पैसे तुमचे की याचे?"

"माझे काय नि त्याचे काय भाऊजी, त्यालाच दिलेत ते. भाडं भरतो ना तो त्यातून."

खाते तपासले. व्याज दर तिमाहीला सुहासच्या खात्यात येत होते आणि भाड्यात जात होते. याचा अर्थ आईने मुलाला दिलेली भेट. आईकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, पण त्या पैशावर पुढे जे व्याज येईल ते सज्ञान मुलाचेच उत्पन्न. वहिनींच्या तोंडून एकदा हे ऐकल्यावर ते व्याज त्यांच्या नावे दाखवणे मला पटेना. दुसऱ्या एखाद्या सल्लागाराने बँकेचा फॉर्म पुढे करून, पैशाचा मूळ स्रोत आईचा आहे एवढ्यावर उलटे ठरवले असते, आणि ते अगदीच निराधार ठरले असते असेही नाही. माझा निर्णय सावध होता, आणि त्याची किंमत सुहासने मोजली.

काय केले

अंधेरीच्या कंपनीच्या एचआरला फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी फॉर्म सोळा आला. त्यात ५०,००० ची प्रमाणित वजावट होती, विक्रोळीच्या फॉर्ममध्येही होती. दोन मालक झाले म्हणून ती दोनदा मिळत नाही. नुसती दोन्ही फॉर्मची शेवटची ओळ मिळवली असती तर इथे दुसरी चूक झाली असती. घरभाडे भत्त्याचा हिशेब मात्र दोन्ही काळांचा वेगळा केला. अंधेरीत मूळ पगार ४०,००० आणि भत्ता २०,०००. भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा केले की २१,०००, मुंबईसाठीची ५० टक्क्यांची मर्यादा २०,०००. भत्ता धरून या तिघांत सगळ्यांत कमी असेल तेवढीच सूट, म्हणजे २०,०००. विक्रोळीत मूळ पगार ५०,०००, भत्ता २५,०००. भाडे वजा १० टक्के म्हणजे २०,०००, तेच सगळ्यांत कमी. दोन्हीकडे महिना २०,०००, वर्षाचे २,४०,०००.

१२,००,००० पगारातून ते २,४०,०००, प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेला की उरले ९,०७,५००. दोन्ही व्याजे मिळवून ९,७७,७००. पहिल्या रिटर्नमध्ये ८०सी च्या वजावटीखाली विक्रोळीचा पीएफ, एलआयसी आणि मुलीची शाळेची फी मिळून १,२३,७०० होते. आता अंधेरीचा २८,८०० पीएफही मोजला गेला आणि १,५०,००० ची मर्यादा भरली. दुरुस्तीत त्याच्या पदरात पडलेली तेवढीच गोष्ट. आरोग्य विम्याचे १८,००० आणि ८०टीटीए खाली बचत खात्याच्या व्याजाचे ६,२०० वजा धरून करपात्र उत्पन्न ८,०३,५००.

कर ७३,२००, ४ टक्के उपकर धरून ७६,१२८. टीडीएस ३६,४०० वजा जाता ३९,७२८. म्हणजे रिफंडच्या जागी चाळीस हजारांचे देणे. वर आगाऊ कर न भरल्याचे व्याज: २३४सी खाली १,९९९ आणि २३४बी खाली महिना १ टक्का.

इथे पैसे कधी भरायचे यावर बोलणे झाले. सुहासचा बोनस दिवाळीत, महिनाअखेरीला येणार होता. २३४बी मध्ये महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात. ३१ ऑक्टोबरच्या आत भरले तर सात महिन्यांचे २,७७९, नोव्हेंबर लागला की ३९७ जास्त. ३९७ साठी जीव काढण्यात अर्थ नव्हता, थांबलो असतो तरी चालले असते. पण मधल्या दिवसांत सदोष रिटर्नची नोटीस आली असती तर पंधरा दिवसांचे घड्याळ खात्याच्या हाती गेले असते. शेवटी त्याने मुलीच्या नावाने चालवलेली आवर्ती ठेव मोडली. ते मला आवडले नाही, पण कार्डावर आणखी बोजा टाकण्यापेक्षा बरे.

१९ ऑक्टोबरच्या शनिवारी तो माझ्या टेबलासमोर बसून ई-पे टॅक्सवर चलान भरत होता. आकारणी वर्षाच्या यादीत त्याचे बोट २०२३-२४ वर गेले, कारण "पगार त्याच वर्षाचा ना?" मी हात धरला. आर्थिक वर्ष २०२३-२४ म्हणजे आकारणी वर्ष २०२४-२५. या एका टिचकीने ४४,५१० रुपये भलत्याच वर्षात जमा झाले असते आणि सुधारित रिटर्नमध्ये कर न भरलेला दिसला असता. मग प्रकार ३००, म्हणजे स्वयंनिर्धारित कर. चलानवरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि अनुक्रमांक त्याने वहीत उतरवून घेतले. त्याच संध्याकाळी १३९(५) निवडून, मूळ रिटर्नचा पावती क्रमांक आणि तारीख घालून सुधारित रिटर्न गेले. ओटीपी टाकायला तो विसरत होता. पडताळणी झाली नाही तर सुधारित रिटर्न भरलेच नाही असे धरतात आणि मूळ चुकीचे रिटर्न तसेच उभे राहते.

निकाल

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात १४३(१) ची सूचना आली. सुधारित रिटर्नवर प्रक्रिया झाली होती, दोन्ही रकान्यांत आकडे सारखे, देणे शून्य, येणे शून्य. रिफंड म्हणून मागितलेल्या जुन्या ३६,४०० चा त्यात उल्लेखही नव्हता. क्रेडिट कार्ड मात्र बोनसमधून फिटायला जानेवारी उजाडला.

वेगळे काय करता आले असते

ऑक्टोबर २०२३ मध्ये फॉर्म १२बी भरला असता तर हे प्रकरणच झाले नसते. विक्रोळीच्या कंपनीने सहा महिन्यांत विभागून कर कापला असता, व्याजाचे ४,७७८ रुपये वाचले असते. तो भरला नाही तरी १५ मार्च २०२४ पर्यंत आगाऊ कर भरून व्याज बरेच कमी करता आले असते, पण पगारदार माणसाला आगाऊ कराची आठवण कोण करून देणार?

एफडीच्या व्याजासाठी आता आणखी एक सोय आहे. याच प्रकरणाच्या महिन्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, १२बीएए हा फॉर्म आला. बँकेने कापलेला टीडीएस त्यावर मालकाला कळवता येतो आणि मालक पगारावरचा कर त्या हिशेबाने कापतो. सुहासने तो नोव्हेंबरात भरून दिला.

रिटर्न भरण्याआधी एआयएस उघडून त्यातली प्रत्येक ओळ रिटर्नमध्ये आहे का, हे पाहायला वीस मिनिटे लागली असती. सुहासने ते केले नाही, कारण आकडा त्याच्या बाजूने होता. त्याच रात्री पडद्यावर '४०,००० भरा' असे आले असते तर त्याने मला रात्री अकराला फोन करून उठवले असते, याबद्दल मला शंका नाही. तेव्हापासून जुलैच्या गर्दीत फोनवर मी दोनच प्रश्न विचारतो: वर्षात नोकरी बदलली का, आणि गेल्या वर्षीपेक्षा रिफंड जास्त दिसतोय का. एकाचेही उत्तर हो आले तर फाइल माझ्याकडे.

एफडी फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदतीला आली. सुहासने ते पैसे आईलाच परत दिले. आईला दिलेल्या भेटीचे व्याज मुलाच्या उत्पन्नात धरत नाहीत, त्यामुळे त्यात अडचण नव्हती. नवी एफडी उघडताना बँकेतल्या मुलीने पहिले नाव कोणाचे विचारले, तेव्हा गुडघा धरून वहिनी स्वतः काउंटरपाशी उभ्या होत्या. पहिले नाव त्यांचे, दुसरे सुहासचे, आणि व्याज आता त्यांच्या खात्यात. भाडे सुहास आता पगारातूनच भरतो. एप्रिलमध्ये त्यांचा फॉर्म १५एच, म्हणजे व्याजातून कर कापू नका असे बँकेला कळवायचा फॉर्म, द्यायचा होता. तो त्याने मोबाइलमध्ये आठवण लावून वेळेत दिला.